अडीच लाखाचा मिररलेस की खिशातला कॉम्पॅक्ट? घणसोली-ठाणे लोकलवाल्याला सल्ला हवाय

घणसोलीकर८७:

नमस्कार मंडळी, खूप दिवस इथे नुसता वाचून जातो, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

राहतो घणसोलीला, ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला. म्हणजे रोज ट्रान्स हार्बर, ठाण्याला उतरायचं आणि पुढे शेअर रिक्षा. मुलगी सव्वादोन वर्षांची. यंदा बोनस बरा झालाय आणि बायकोने "एकदाचा काय तो घेऊन टाक, पण रात्री बारापर्यंत यूट्यूबवर रिव्ह्यू बघणं बंद कर" अशी परवानगी दिलीय. बजेट अडीच लाख, ताणलं तर पावणेतीन.

डोक्यात दोन टोकं आहेत. एक म्हणजे मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) सोनी ए७ फोर आणि त्यावर टॅमरॉनची २८-७५ मिमी एफ २.८ झूम लेन्स (मिमी जेवढे जास्त तेवढं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त), म्हणजे एकदा घेतला की दहा वर्षं बघायला नको. दुसरं टोक म्हणजे सोनीचाच आरएक्स१०० मार्क सेव्हन किंवा रिकोह जीआर थ्री, जो शर्टाच्या नाहीतर पँटच्या खिशात जाईल आणि रोज बरोबर राहील. वजनं काढून बघितली, ए७ फोर बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम, लेन्स ५४०, म्हणजे १.२ किलो झाले, आणि आरएक्स१०० फक्त ३०२ ग्रॅम. डब्यापेक्षा हलका.

आता खरं दुखणं सांगतो. २०१५ ला एक डीएसएलआर (आरशाचा मोठा कॅमेरा) घेतला होता, किट लेन्स आणि एक छोटी झूम. पहिलं वर्ष येऊर, कर्नाळा, पावसाळ्यात माळशेज असं जोरात केलं, मग लग्न, मग घराचा हप्ता, मग पोरगी, आणि कॅमेरा गेला कपाटात बॅगेसकट. मागच्या महिन्यात काढला तर लेन्समध्ये कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतंय. त्यामुळे आता पुन्हा एवढे पैसे टाकून तेच व्हायचं नाही ना अशी भीती आहे, आणि छोटा घेतला तर सहा महिन्यांनी "यापेक्षा फोनच बरा होता" असं वाटायचं. काय काढायचंय म्हणाल तर मुलगी, कधी गावाला गेलो तर ते, थोडं स्ट्रीट, आणि ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो येतात ते एकदा नीट काढायचेत. प्लीज भांडू नका, सांगा.


लग्नसराई_ठाणे:

दादा मी चौदा वर्षं लग्नं शूट करतोय, ठाणे डोंबिवली कल्याण पट्टा, त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला माहीतच असणार, पण कारण ऐका.

सेन्सर. म्हणजे आत उजेड टिपणारी चिप. ए७ फोरमधली फुल फ्रेम, ३६ बाय २४ मिमी, क्षेत्रफळ ८६४. आरएक्स१०० मध्ये एक इंची म्हणतात तो सेन्सर, नाव एक इंच पण प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८, म्हणजे जेमतेम ११६. साडेसात पटीचा फरक. परातीत पडणारं पावसाचं पाणी आणि वाटीत पडणारं, एवढंच गणित आहे. दुपारी बाराला तलावपाळीवर फोटो काढलात तर मोबाईलवर बघताना दोन्हीत फरक सांगता येणार नाही, हे मी स्वतः कबूल करतो. पण रात्री हॉलमध्ये, घरात, देवळाच्या गाभाऱ्याबाहेर, तिथे कळतं.

दुसरं ऑटोफोकस. आताचे मिररलेस डोळा पकडून ठेवतात, पोरगी पळत पळत सोफ्यावरून उडी मारेल तरी सोडत नाहीत. आम्ही डीएसएलआरवर मधला पॉइंट धरून फ्रेम हलवायचो, ते दिवस गेले. बाकी दोन कार्डांची सोय, मोठी बॅटरी हे सगळं आमच्या धंद्यासाठी आहे. सप्तपदी परत होत नाही म्हणून आम्ही दोन्ही कार्डांवर एकदम लिहितो. तुम्हाला त्याची गरज नाही, खोटं कशाला सांगू.

एक मात्र सांगतो, बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, सगळा पैसा घालवू नका. लोक दोन लाखाची बॉडी घेतात आणि त्याला मिळेल ती स्वस्त झूम लावतात, म्हणजे पैठणीवर प्लास्टिकची चप्पल. बॉडीची किंमत चार वर्षांत अर्धी होते, चांगली लेन्स टिकते.


तलावपाळी_कट्टा:

लग्नसराई भाऊंचं सगळं बरोबर आणि तरी माझं मत उलटं 😄

माझ्याकडे जीआर थ्री आहे, २०२० पासून. २५७ ग्रॅम बॅटरी कार्डासकट आणि आत एपीएससी सेन्सर (फुल फ्रेमहून लहान), तोच जो तुमच्या जुन्या डीएसएलआरमध्ये होता, म्हणजे एक इंचीवाल्यांच्या तिप्पट मोठा. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, सगळे "कॉम्पॅक्ट" एका टोपलीत टाकतात. पण झूम शून्य. २८ मिमीची एकच नजर, जवळचं हवं तर जवळ जा. ते नको असेल तर जीआर थ्री एक्स येतो ४० मिमीचा, माणसांच्या फोटोला तो जास्त बरा.

मी सकाळी सहाला जांभळी नाक्याच्या बाजारात जातो, फुलवाले, भाजीवाले, गाडीतून गोण्या उतरवणारे. मोठा कॅमेरा घेऊन गेलो होतो एकेकाळी, काय व्हायचं, एक तर "कुठल्या चॅनलचे?" नाहीतर मावशी पदर सावरून ताठ बसायच्या, फोटो मेला तिथेच. जीआर हातात दिसतही नाही, शटरचा आवाज नाही म्हटलं तरी चालेल. स्नॅप फोकस म्हणून प्रकार आहे, दोन मीटरवर लावून ठेवायचा, बटण एकदम पूर्ण दाबलं की फोकस शोधत न बसता थेट फोटो. पाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोल पथकाच्या मधोमध उभं राहून काढलेत मी, मोठ्या लेन्सवाले बिचारे दोरीच्या बाहेर.

आता वाईट पण सांगतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. कंपनीच्याच आकड्याने एका बॅटरीत २०० फोटो, म्हणजे खिशात दुसरी बॅटरी पाहिजेच. फ्लॅश नाही. व्ह्यूफाइंडर नाही, एप्रिलच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं. पाऊस-धुळीचं सील नाही. आणि तुझी मुलगी सव्वादोन वर्षांची म्हणतोस, पळत्या पोराला हा फोकस पकडत नाही, ते मिररलेसचंच काम. बसलेली असेल, झोपलेली असेल, चित्र काढत असेल तर मस्त.


एकच_प्याली_चहा:

फोन घे आणि अडीच लाखाची एफडी कर. हे असले धागे दर महिन्याला येतात.


लग्नसराई_ठाणे:

@एकच_प्याली फोनवर काढलेल्या मुलीच्या फोटोचा २० बाय ३० प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि मग बोलू. कान आणि केस यांच्यामधली जागा बघा फक्त, पोर्ट्रेट मोडने अर्धा कान खाल्लेला असतो.


एकच_प्याली_चहा:

भिंतीवर लावतो कोण आता? आमच्याकडे भिंतीवर एसी, टीव्ही आणि कालनिर्णय.


ऐरोलीचे_काका:

फ्लेमिंगोचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी ऐरोली सेक्टर १० चा, निवृत्त, हिवाळा सुरू झाला की खाडीवरच असतो. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आली, पण पक्ष्यांना हे काही माहीत नाही, त्यांना भरती-ओहोटी माहीत. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते आत पसरतात, तुमच्या काठावरून गुलाबी ठिपके. भरती चढत आली की सरकत सरकत काठाकडे येतात. त्यामुळे कॅमेऱ्याआधी भरतीचं वेळापत्रक बघायला शिका, त्याला पैसे लागत नाहीत. ऐरोलीच्या केंद्रातून बोट जाते तीसुद्धा भरतीच्या हिशोबानेच.

आता कॅमेरा. तुम्ही सांगितलेल्यातला एकही या कामाचा नाही, स्पष्ट सांगतो. २८-७५ घेऊन गेलात तर खाडीचा फोटो येईल, पक्षी शोधावा लागेल. आरएक्स१०० चा झूम २०० मिमीला संपतो, बोटीतून चालेल, काठावरून नाही. जीआर घेऊन गेलात तर मात्र फक्त सूर्यास्त काढा. पक्ष्यांना ४०० च्या पुढे लागतं. सोनीची २००-६०० लेन्स नुसती दोन किलोच्या वर आहे, माझ्या मानेला मणक्याचा त्रास, डॉक्टर म्हणाले किलोच्या वर काही लटकवायचं नाही. म्हणून मी निकॉन पी९०० वापरतो, २४ ते २००० मिमी, ९०० ग्रॅमच्या आत. सेन्सर नखाएवढा, ढगाळ दिवशी फोटोत रवा सांडल्यासारखं दिसतं, पण मला पंखाखालचा काळा-लाल रंग दिसतो आणि नोंद होते, माझं काम तेवढंच. वर्षातून दोनदा फ्लेमिंगोला जाणार असाल तर त्यासाठी लेन्स विकत घेऊ नका, भाड्याने आणा.

आणि तुमच्या लेन्समधलं ते जाळं म्हणजे बुरशी, त्याबद्दल. चूक कॅमेऱ्याची नाही, बॅगेची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा असतो, त्यात कापडी फोमची बॅग बंद कपाटात म्हणजे बुरशीला पाळणाघर. ड्राय कॅबिनेट घ्या, नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक साधा हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा), ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा ठेवा. फार कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं म्हणतात. सिलिकाचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायचे, आमची ही म्हणते शेंगदाणे भाजून झाले, आता काचेचे.


घणसोलीकर८७:

काका खूप धन्यवाद, भरतीचं डोक्यातच नव्हतं. म्हणजे फ्लेमिंगो यादीतून बाद. हलकं वाटलं.

तलावपाळी, तुमचं वाचून जीआरकडे झुकलो होतो पण पळणाऱ्या पोराचं वाचून परत मागे आलो. आमची शांत बसलेली मी फक्त पेप्पाच्या वेळी बघितलीय.


तलावपाळी_कट्टा:

एक काम कर ना. गूगल फोटोज उघड आणि मागच्या वर्षाचे फोटो बघ, कुठे काढलेस, किती वाजता, घरात की बाहेर. नुसतं "मला काय काढायला आवडतं" असं स्वतःला विचारलं की माणूस खोटं बोलतो. मी स्वतःला लँडस्केपवाला समजायचो, मोजले तर वर्षात अकरा लँडस्केप, त्यातले सात खिडकीतून.


घणसोलीकर८७:

बसलो काल रात्री, बायको म्हणाली रिव्ह्यू बंद झाले तर हे सुरू.

हजारभर फोटो चाळले असतील. सत्तर टक्क्यांच्या वर घरातले, त्यातले बहुतेक संध्याकाळी सात ते दहा, ट्यूबलाइटमध्ये, कारण मी घरीच तेव्हा येतो. स्ट्रीट फोटो किती? चार. चारही ठाणे स्टेशनच्या जिन्यावरचे, पावसाने गाड्या बंद होत्या तेव्हाचे. ट्रेनमधून काढलेला एकही नाही, कारण ट्रेनमध्ये हात वर करायला जागा असते कुठे. म्हणजे "रोज खिशात राहील" हे जे मी लिहिलं होतं ते खिशातच राहील असं दिसतंय.

आणि बरेचसे हललेले. पोरगी म्हणजे चेहऱ्याच्या जागी एक भुरकट रेघ.


लग्नसराई_ठाणे:

हे आधी सांगितलं असतंत तर एवढं लिहिलंच नसतं. दादा तुमचा प्रश्न मोठा कॅमेरा की छोटा हा नाहीच, तुमचा प्रश्न ट्यूबलाइट आहे.

हिशोब बघा. पळतं पोर थांबवायला शटर निदान १/२५० सेकंद पाहिजे. आपल्या हॉलमध्ये संध्याकाळी जेवढा उजेड असतो त्यात एफ १.८ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) दोन हजारच्या आसपास जाईल. आरएक्स१०० सेव्हन रुंद टोकाला एफ २.८ आणि जरा झूम केलं की चारवर येतो, त्याच फोटोला आयएसओ दहा हजार, ते पण एवढ्याशा सेन्सरवर. चिखल होणार. फुल फ्रेमवर दोन हजार म्हणजे काहीच नाही, मी सहा हजार चारशेवर अल्बम छापतो आणि नवरीची आई रडते (आनंदाने). घरासाठीच कॉम्पॅक्ट हवा असेल तर कॅननचा जी७एक्स मार्क थ्री त्यातल्या त्यात बरा, एफ १.८ ते २.८, झूम कमी पण उजेड जास्त.

झूम लेन्सचं पण डोक्यातून काढा. एक ५० एफ १.८ घ्या, सगळ्या कंपन्यांकडे स्वस्तातली असते, आणि बॉडी ए७ फोरच कशाला? कॅनन आर८ बघा, फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल, ४६१ ग्रॅम, त्यावरची ५० एफ १.८ फक्त १६० ग्रॅम. ६२१ ग्रॅममध्ये काम झालं. किंवा सोनी ए७सी टू, ५१४ ग्रॅम. आर८ ला बॉडीमध्ये स्टॅबिलायझर नाही, बॅटरी लहान, कार्ड एकच, म्हणून आम्ही मुख्य बॉडी म्हणून घेत नाही, पण तुम्हाला यातलं काय अडणारे? पोर हलतंय तिथे स्टॅबिलायझर काय करणार, तो तुमचा हात थांबवतो, पोराला नाही.

आणि एक, घरात एलईडी आणि ट्यूब असेल तर सायलेंट शटर बंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा फडफडतात, डोळ्याला दिसत नाही पण सायलेंट मोडमध्ये फोटोवर आडवे पट्टे येतात. मग लोक म्हणतात कॅमेरा खराब.


तलावपाळी_कट्टा:

६२१ ग्रॅम म्हणजे खिशात नाही बरं का. हिवाळी जॅकेटच्या पण नाही, आणि नवी मुंबईत हिवाळा कुठाय.


लग्नसराई_ठाणे:

अरे त्याला खिशात घालायचाच नाहीये!! हजार फोटो मोजले ना त्याने, सत्तर टक्के घरात. घरात खिसा कशाला लागतो?


तलावपाळी_कट्टा:

पॉइंट आहे.


कांचन_खारघर:

सगळ्या दादालोकांचं वाचलं. एक गोष्ट कोणीच विचारली नाही म्हणून लिहिते. फोटो काढणार कोण?

माझ्या नवऱ्याने असाच हौसेने मोठा कॅमेरा घेतला होता, मुलगा झाला त्या वर्षी. फोटो सुंदर, काही म्हणणं नाही. पण मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा वाढदिवसाला व्हिडिओ करायला फोटो शोधायला बसलो तर नवरा एकाही फोटोत नाही. म्हणजे आहे, पण माझ्या फोनवरचे दोन-चार धुरकट आणि सासऱ्यांनी काढलेला एक, ज्यात त्याचं डोकं कापलंय. कारण तो कॅमेरा कोणी हातात घ्यायचंच नाही. मी घेतला की "थांब, मोड बदललास, थांब, फोकस पॉइंट हलला", आईंनी घेतला की "पट्टा गळ्यात घाला आधी". शेवटी आम्ही नाद सोडला.

नंतर मी माझ्यासाठी एक छोटा कॉम्पॅक्ट घेतला, कंपनीचं नाव सांगत नाही. मुलगा कडेवर आणि एका हाताने फोटो, हे मोठ्या कॅमेऱ्यात करून दाखवा. तीन वर्षं झकास चालला, आईंनीसुद्धा काढले. मग एकदा पावसात पांडवकड्याकडे गेलो, पर्समध्ये ओला रुमाल आणि त्याच्याशेजारी कॅमेरा, दुसऱ्या दिवशी लेन्स अर्धी बाहेर येऊन करकर करून थांबली. सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलेल्या पैशांत अजून थोडे घातले तर दुसरा आला असता. मिररलेसची लेन्स बिघडली तर लेन्स बदलता, कॉम्पॅक्टची बिघडली तर सगळाच गेला, हे लक्षात ठेवा. आत धूळ गेली तरी तेच, पुढून पुसता येत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की दुकानात जाल तेव्हा वहिनींना घेऊन जा आणि कॅमेरा त्यांच्या हातात द्या, तुम्ही लांब उभे राहा आणि काही बोलू नका. हे शेवटचं जास्त महत्त्वाचं.


घणसोलीकर८७:

कांचनताई, तुमचं वाचून बायकोला दाखवलं. ती काही बोलली नाही, फोन घेतला, "पप्पा" म्हणून सर्च केलं आणि माझ्यासमोर धरला. माझे एकट्याचे, ऑफिसच्या आयडीचे, आधार कार्डाचा फोटो. मुलीबरोबर सव्वादोन वर्षांत एकोणीस. त्यातले बारा सेल्फी.

शनिवारी भाड्याने आणतोय. ठाण्यात एक जण देतो, आर८ आणि ५०, आणि त्याच्याकडे जी७एक्स पण आहे, दोन्ही आणतो. सोमवारी सांगतो.


ऐरोलीचे_काका:

आणताना लेन्स उजेडाकडे धरून आत बघून घ्या. भाड्याच्या लेन्समध्येही बुरशी असते, परत देताना तुमच्या नावावर लावतील.


एकच_प्याली_चहा:

भाडं किती घेतो? मित्राला हवंय.


घणसोलीकर८७:

@एकच_प्याली दोन दिवसांचे दोन्हीचे मिळून साडेतीन हजार, वर डिपॉझिट आणि आधारची झेरॉक्स. मित्राला सांगा 😄

तर रिपोर्ट.

शनिवारी दुपारी दोन्ही घेऊन पामबीचवर गेलो, उन्हात. लग्नसराई म्हणाले होते तेच, फोनवर बघताना फरक जवळजवळ नाही, उलट छोट्याचे रंग बायकोला जास्त आवडले. माझं मन लगेच छोट्याकडे, अर्धी किंमत, खिशात जातो, झूम आहे, कशाला मोठा.

संध्याकाळी घरी. मी कांचनताईंचं ऐकलं, दोन्ही कॅमेरे हिरव्या ऑटोवर टाकून डायनिंग टेबलवर ठेवले आणि भांडी घासायला गेलो. खरंच गेलो. बाहेरून आवाज येत होते, पोरगी पलंगावर उड्या मारतेय, बायको हसतेय. जीभ चावून उभा होतो, दोनदा तोंडाशी आलं होतं "स्क्रीनवर तोंडावर बोट लाव, फोकस होईल".

रात्री लॅपटॉपवर टाकले. छोट्याचे साठेक फोटो, त्यातले आठ-नऊ धड. हललेले किंवा चेहऱ्यावर फ्लॅश आपटलेला. ऑटोवर तो शटरचा वेग खाली नेतो, त्याचा दोष नाही, उजेडच नाही. आर८ चे चाळीस, त्यातले तीस धारदार, डोळ्याच्या पापण्या मोजा. आणि हे सगळे बायकोने काढलेले, जिने आयुष्यात एफ नंबर ऐकला नाही. तिला विचारलं जड वाटला का, तर म्हणाली "तुझ्या त्या जुन्या काळ्या बॅगेपेक्षा हलकाय, ती उचलायला मला राग यायचा". म्हणजे प्रॉब्लेम कॅमेऱ्याच्या वजनाचा नव्हताच, बॅग, त्यात पाऊच, पाऊचमध्ये टोपी, टोपी काढा, पट्टा सोडवा, तोवर पोरगी दुसऱ्या खोलीत.

एका हाताचं मात्र ताई तुमचं बरोबर, पोरगी कडेवर असताना आर८ वर तिला नाही जमलं. तिथे ती फोन वापरणार म्हणते. चालेल.

सो आर८, ५० एफ १.८, आणि एक २८ एफ २.८ ची चपटी लेन्स, १२० ग्रॅमची, गावाला न्यायला. अडीच लाखाच्या बऱ्याच खाली बसतंय. उरलेल्यातून काकांचं ड्राय कॅबिनेट.


लग्नसराई_ठाणे:

उत्तम. घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी बघून घ्या. फोर्टात बोरा बाजारात दहा-पंधरा हजार स्वस्त सांगतात कधी कधी, विचारा आधी माल कुठला आहे ते. बिना बिलाचा बाहेरून आलेला असेल तर बिघडल्यावर कंपनी हात लावत नाही. बाकी मार्केट चांगलं आहे, मी स्वतः तिथूनच घेतो, फक्त तोंड उघडून विचारायचं. आणि जुनी लेन्स फेकू नका, बुरशी वरवरची असेल तर साफ होते. फक्त नव्या लेन्सशेजारी ठेवू नका.


तलावपाळी_कट्टा:

अभिनंदन रे. आणि दोन वर्षांनी पोरगी शाळेत गेली की तुला संध्याकाळ मोकळी मिळेल, तेव्हा ये जांभळी नाक्याला, माझा जीआर देतो एक दिवस.


घणसोलीकर८७:

आला कॅमेरा, मंगळवारी. बॅग घेतलीच नाही. फ्रिजवर उघडाच ठेवलाय, लेन्सची टोपी पण काढून, कोणीही उचला आणि काढा. काल रात्री मी पोरीला झोपवता झोपवता स्वतःच झोपलो, तोंड उघडं, तिचा पाय माझ्या गळ्यावर. सकाळी बघितलं तर कार्डावर त्याचे सतरा फोटो. फोकस माझ्या दातांवर आहे.


ऐरोलीचे_काका:

फ्रिजवर ठेवू नका हो! मागून गरम हवा येते, स्वयंपाकघराची वाफ आणि फोडणीचा तेलकट थर सगळा काचेवर बसणार. टोपी लावा. हॉलमध्ये ठेवा, मुलीचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, आणि एक जूनपासून रात्री डब्यात. मी आठवण करून देईन.


घणसोलीकर८७:

हो काका. उतरवला.